डीएमएचा बफर : या क्षणी ताबा कोणाकडे, प्रोसेसरकडे की डिव्हाइसकडे?

तळमजला (धागाकर्ता)

लिनक्ससाठी एका डेटा ॲक्विझिशन कार्डाचा ड्रायव्हर सांभाळतो. कार्ड मोजलेले नमुने डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता) थेट रॅममध्ये टाकतं, इंटरप्ट देतं, ड्रायव्हर ते उचलून वर पाठवतो. एक्स८६ मशीनवर हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू आहे. तोच ड्रायव्हर आता ६४-बिट आर्मच्या बोर्डावर नेला, तर मधूनच जुने नमुने येतात. कचरा नव्हे, आधीच्या फेरीतले अगदी व्यवस्थित आकडे, पण शिळे. शिळा भाग नेहमी ६४ बाइटचा किंवा त्याच्या पटीत असतो. मध्ये एखादा प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारं कर्नलचं फंक्शन) टाकला की सगळं सुरळीत!

बफर केमॅलॉकने (कर्नलकडून मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) घेतलेला आहे. व्हर्ट_टू_फिजने त्याचा भौतिक पत्ता काढून कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहितो, बस.

दोन प्रश्न आहेत. त्या बफरपुरती कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) बंद करणं हाच मार्ग आहे का? आणि पुढे हाच डेटा प्रत न काढता जीपीयूला द्यायचा आहे, त्यासाठी कर्नलमध्ये सरळ वाट आहे का?

---

कॅशकल्लोळ

"६४ बाइटच्या पटीत शिळं" एवढ्यावरच निदान झालं. तुमच्या बोर्डावर कॅश लाइन (कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा) ६४ बाइटची आहे आणि ते कार्ड ज्या बसवर आहे ती बस कोहेरंट नाही, म्हणजे डिव्हाइसने रॅममध्ये केलेला बदल प्रोसेसरच्या कॅशला आपोआप कळत नाही.

एक्स८६ वर डिव्हाइसने रॅममध्ये काही लिहिलं की हार्डवेअर स्वतःच प्रोसेसरच्या कॅशमध्ये डोकावतं आणि त्या पत्त्याची जुनी प्रत तिथे असेल तर ती निकालात काढतं. इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांमध्ये तर २०१२ पासून डिव्हाइसने पाठवलेला डेटा थेट शेवटच्या पातळीच्या कॅशमध्येच उतरवायची सोय आहे. आर्मच्या अनेक चिपांमध्ये मात्र डिव्हाइसच्या बसला हे डोकावणं जोडलेलंच नसतं. कार्ड रॅममध्ये लिहितं, प्रोसेसर कॅशमधून वाचतो, आणि आपापल्या जागी दोघांचंही बरोबर असतं. प्रिंटके मध्ये आला की त्याचा पसारा कॅशमध्ये शिरतो, तुमच्या जुन्या लाइन बाहेर ढकलल्या जातात आणि पुढचं वाचन रॅममधून होतं. त्याला दुरुस्ती म्हणू नका.

याच्या उलट जे होतं ते अधिक घातक. समजा तुम्ही बफर आधी शून्याने भरलात. त्या लाइन कॅशमध्ये 'डर्टी', म्हणजे बदललेल्या पण रॅममध्ये न उतरलेल्या, पडून राहिल्या. मग कार्डाने नवे नमुने रॅममध्ये लिहिले. आणि त्यानंतर कॅशने सवडीने आपली शून्यं रॅममध्ये उतरवली. पहिल्या प्रकारात डेटा निदान रॅममध्ये शाबूत होता, इथे तो गेलाच.

कॅश बंद करायची गरज नाही. कर्नलच्या डीएमए एपीआयचं सगळं बांधकाम एका प्रश्नाभोवती आहे : या क्षणी बफर कोणाच्या ताब्यात आहे? डीएमए_मॅप_सिंगल केलंत की ताबा डिव्हाइसकडे गेला. आता त्याला हात लावायचा नाही, वाचायलासुद्धा नाही. डीएमए_अनमॅप_सिंगल केलंत की ताबा तुमच्याकडे परत आला. तोच बफर पुन्हा पुन्हा वापरायचा असेल तर दर वेळी मॅप-अनमॅप नको, डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू आणि डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_डिव्हाइस ही जोडी ताबा इकडून तिकडे देण्यासाठीच आहे. कॅश साफ करायची की रद्द करायची, की त्या मशीनवर काहीच करायचं नाही, हे कर्नल बघतो. तुम्ही फक्त ताबा कधी बदलला ते आणि डेटाची दिशा खरी सांगायची.

---

जुनाखोंड

हे सगळं थोतांड वाटतं मला. एक्स८६ वर सिंकच्या या फंक्शनांमध्ये बहुतेक वेळा काहीच घडत नाही. मग प्रत्येक ड्रायव्हर लेखकाने कवायत का करायची? जे हार्डवेअर कोहेरंट नाही ते बनवणाऱ्यांनी निस्तरावं.

---

कॅशकल्लोळ

@जुनाखोंड, काहीच घडत नाही कारण त्या मशीनवर करण्यासारखं काही नसतं. फंक्शन फुकट आहे, मग लिहायला काय हरकत? आणि "बहुतेक वेळा" या तुमच्या शब्दांतच मेख आहे. तुमच्या एक्स८६ वर स्विओटीएलबी (डेटाची मधल्या जागेत प्रत काढणारी कर्नलची सोय) चालू झाला की तीच सिंक फंक्शनं पूर्ण मेमकॉपी करतात. ती न बोलावणारा ड्रायव्हर मग तिथेही शिळाच डेटा वाचतो.

---

पानोपानी

स्विओटीएलबीचा विषय निघालाच आहे तर पत्त्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण व्हर्ट_टू_फिज वाचून मी दचकले.

एकाच बाइटला तीन पत्ते असू शकतात. प्रोसेसरवर चालणारा कोड वापरतो तो आभासी पत्ता. मेमरी कंट्रोलरला कळतो तो भौतिक पत्ता. आणि डिव्हाइस बसवर जो पत्ता टाकतं तो तिसरा, कर्नलच्या भाषेत डीएमए_ॲड्र_टी. साध्या मशीनवर दुसरा आणि तिसरा सारखेच निघतात, म्हणून व्हर्ट_टू_फिज चालून जातं. मध्ये आयओएमएमयू, म्हणजे डिव्हाइसचे पत्ते भाषांतरित करणारं हार्डवेअर, असेल (इंटेलचा व्हीटी-डी, एएमडीचा एएमडी-व्हीआय, आर्मचा एसएमएमयू) तर तिसरा पत्ता पूर्णपणे वेगळा असतो. डिव्हाइससाठी पानांची स्वतंत्र कोष्टकं असतात आणि त्यांत नोंद नसलेल्या पत्त्याला हात लावला की हार्डवेअर व्यवहार अडवतं, लॉगमध्ये फॉल्ट दिसतो. तुमचा ड्रायव्हर एक्स८६ वर इतकी वर्षं चालला याचा अर्थ तिथे आयओएमएमयूचं भाषांतर तरी बंद होतं किंवा पासथ्रू (पत्ता जसाच्या तसा पुढे) होतं.

आता पोहोच. डिव्हाइसला किती बिटांचा पत्ता हाताळता येतो हे ड्रायव्हरने डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंटने सांगायचं असतं. काही सांगितलं नाही तर कर्नल ३२ बिट धरतो, म्हणजे ४ जीबीच्या आतलीच मेमरी. जुन्या आयसा बसच्या डीएमएची झेप १६ एमबीपर्यंतच होती, त्याचा अवशेष म्हणून झोन_डीएमए अजून कर्नलमध्ये आहे. बफर पोहोचीच्या बाहेर पडला आणि आयओएमएमयूही नसेल, तर स्विओटीएलबी मधल्या जागेत प्रत काढतो. ही जागा बूटच्या वेळी राखून ठेवतात, सहसा ६४ एमबी. एका मॅपिंगला सलग २५६ केबीपेक्षा जास्त मिळत नाही. म्हणून डीएमए_मॅपिंग_एररची तपासणी गाळू नका, मॅपिंग खरंच नाकारलं जाऊ शकतं.

अवांतर : हा प्रकार जुनाट वाटतो, पण एएमडी एसईव्ही किंवा इंटेल टीडीएक्सच्या गोपनीय व्हर्च्युअल मशीनमध्ये तोच मुख्य रस्ता झाला आहे. पाहुण्या मशीनची मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते, बाहेरच्या डिव्हाइसला ती वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक व्यवहार उघड्या ठेवलेल्या मधल्या जागेतून जातो.

---

भटकता_पॉइंटर

वाखू साठवली आहे.

---

रिंगणात

@तळमजला, तुमच्या कार्डाला डिस्क्रिप्टरची रिंग (बफरांचे पत्ते आणि लांबी लिहिलेल्या नोंदींची गोल यादी) आहे का? असेल तर तिच्यासाठी स्ट्रीमिंग मॅपिंग (वर सांगितलेलं मॅप आणि सिंकचं तंत्र) नको. रिंगमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघेही सतत लिहितात, ताबा फेकाफेकी करण्यात दम निघेल. तिथे डीएमए_अलॉक_कोहेरंट वापरा. जे लिहिलं ते दुसऱ्याला दिसणार, मध्ये सिंक नको.

पण 'दिसणार' याचा अर्थ 'त्याच क्रमाने दिसणार' असा नाही. इथे भले भले घसरतात. डिस्क्रिप्टरमध्ये बफरचा पत्ता आणि लांबी लिहायची, आणि शेवटी मालकीचा बिट उलटून कार्डाला "घे" म्हणायचं, असा रिवाज असतो. प्रोसेसर ही लिखाणं मागेपुढे करू शकतो. बिट आधी पोहोचला आणि पत्ता मागून, तर कार्ड गेल्या फेरीतल्या पत्त्यावर डेटा ओतणार. म्हणून मधे डीएमए_डब्ल्यूएमबी हा बॅरियर (लिखाणांचा क्रम राखणारी आज्ञा) हवा. उलट बाजूला, कार्डाने बिट परत केल्याचं दिसलं की बाकीची फील्डं वाचण्याआधी डीएमए_आरएमबी. एक्स८६ वर हे दोन्ही कंपायलरपुरते बॅरियर आहेत, आर्मवर खऱ्या डीएमबी सूचना निघतात.

डोअरबेल रजिस्टरसाठी (नवं काम आल्याचं कार्डाला कळवणारं रजिस्टर) राइटएल हे लिहिण्याचं फंक्शन वापरत असाल तर आधीची मेमरीतली लिखाणं डोअरबेलच्या आधी पोहोचतील याची हमी त्यातच आहे. राइटएल_रिलॅक्स्डमध्ये ती नाही. वेग वाढवायचा म्हणून लोक एका फटक्यात सगळीकडे रिलॅक्स्ड करून टाकतात आणि मग रिंग महिन्यातून एकदा अडकते. असला बग शोधून दाखवा.

इंटरप्टचीही गोम आहे. एमएसआय इंटरप्ट म्हणजे डिव्हाइसने केलेलं एक मेमरी लिखाणच, त्यामुळे ते त्याच डिव्हाइसच्या आधीच्या डेटाला ओलांडून पुढे जात नाही. जुन्या पद्धतीचा, वेगळ्या तारेवरून येणारा इंटरप्ट मात्र डेटा रॅममध्ये पोहोचण्याआधीच प्रोसेसरला गाठू शकतो. तिथे हँडलरमध्ये आधी डिव्हाइसचं एखादं रजिस्टर वाचावं लागतं. ते उत्तर येतं तेव्हा आधीची लिखाणं पोहोचलेली असतात.

---

तळमजला

सर्वांचे आभार. रिंगणात यांच्या सांगण्यावरून रिंग कोहेरंट मेमरीत नेली. त्याच झपाट्यात नमुन्यांचे मोठे बफरही तिथेच घेतले. शिळा डेटा थांबला! पण नमुने वर पाठवणारा मेमकॉपी आता भयानक मंद झालाय. असं का?

---

कॅशकल्लोळ

कारण कोहेरंट नसलेल्या बसवर "कोहेरंट" मेमरी मिळते ती त्या पानांची कॅश बंद करूनच. तुमचा पहिला प्रश्न तुम्ही मागच्या दाराने आणलात :) प्रोसेसरचं प्रत्येक वाचन रॅमपर्यंत जातं, आधीच आणून ठेवण्याची सोय नाही. लिहिण्याचं निदान बफरिंग होतं, वाचनाला कसलाच आसरा नाही. रिंगसारख्या छोट्या गोष्टींना ते परवडतं. नमुन्यांचे बफर साध्या मेमरीत परत न्या आणि स्ट्रीमिंगचे सिंक वापरा, दिशा डीएमए_फ्रॉम_डिव्हाइस.

सिंक_फॉर_सीपीयू इंटरप्ट आल्यानंतर आणि पहिलं वाचन करण्याआधी. "मी तर मॅप करतानाच कॅश साफ केली होती, पुन्हा कशाला" असं वाटेल. आजचे प्रोसेसर अंदाजाने पुढच्या लाइन आधीच उचलून ठेवतात. तुमच्या कोडने बफरला स्पर्श केला नसला तरी शेजारचा डेटा वाचताना प्रोसेसरने बफरची लाइन ओढून घेतलेली असू शकते, तीही कार्ड लिहीत असताना. म्हणून ताबा देताना आणि घेताना, दोन्ही वेळा काम असतं.

---

पानोपानी

शेजारच्या डेटावरून आठवलं. बफर एखाद्या स्ट्रक्चरच्या पोटात ठेवू नका. असं काही असेल तर :

स्ट्रक्ट नमुना { इन्ट मोजणी; यू८ बफर[३२]; स्पिनलॉक_टी कुलूप; };

इथे मोजणी, बफर आणि कुलूप एकाच कॅश लाइनवर बसले. बफर डिव्हाइसच्या ताब्यात आहे, पण मोजणी तुम्ही बदलत आहात, म्हणजे लाइन डर्टी होत आहे. ती रॅममध्ये उतरताना डिव्हाइसचा डेटा पुसून जाईल. उलट ती लाइन रद्द केली तर तुमची मोजणी मागे जाईल. सिंक कितीही नेमाने करा, यातून सुटका नाही, कारण ताबा कॅश लाइनपेक्षा लहान तुकड्याचा देताच येत नाही. बफर वेगळा केमॅलॉक करा.

केमॅलॉकमध्ये ही काळजी घेतलेली असते. आर्म६४ वर त्यासाठी प्रत्येक तुकडा किमान १२८ बाइटचा असायचा, म्हणजे ८ बाइट मागितले तरी १२८ जायचे. २०२३ मध्ये आलेल्या ६.५ आवृत्तीपासून लहान तुकडे देणं सुरू झालं, आणि कोहेरंट नसलेल्या डिव्हाइससाठी असा लहान तुकडा मॅप झाला तर तो स्विओटीएलबीमधून फिरवला जातो. बघा, पुन्हा तोच.

स्टॅकवरचा बफरही चालणार नाही. ४.९ पासून कर्नलचा स्टॅक व्हीमॅलॉकच्या प्रदेशात ठेवता येतो, तिथे सलग आभासी पानं भौतिक मेमरीत कुठेही विखुरलेली असतात.

---

चित्रविचित्र

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी लिहितो. व्हिडिओत आम्ही हेच दिवसरात्र करतो : कॅमेऱ्याचा बफर जीपीयूला, तिथून एन्कोडरला, तिथून पडद्याला, मधे एकही प्रत नाही.

यासाठी डीएमए-बफ आहे. २०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये आला. त्याआधी प्रत्येक चिपवाल्याची आपापली मेमरी वाटपाची तऱ्हा होती आणि एकाचा बफर दुसऱ्याला कळत नसे. कल्पना साधी आहे. बफरचा मालक ड्रायव्हर तो 'एक्स्पोर्ट' करतो, बदल्यात युजरस्पेसला एक फाइल डिस्क्रिप्टर मिळतो. तो युनिक्स सॉकेटवरून दुसऱ्या प्रोसेसलाही देता येतो. दुसरा ड्रायव्हर तो 'इम्पोर्ट' करतो, बफरला आपलं डिव्हाइस जोडतो आणि मॅप मागतो, तेव्हा त्याला त्याच्या डिव्हाइसच्या नजरेतून दिसणारे पत्ते मिळतात. वर पानोपानी यांनी सांगितलेला तिसरा पत्ता प्रत्येक डिव्हाइसचा वेगळा, तो असा. शेवटचा फाइल डिस्क्रिप्टर आणि शेवटचा संदर्भ सुटला की मेमरी मोकळी.

प्रोसेसरने तो बफर एमएमॅप करून वाचायचा असेल तर डीएमए_बफ_आयओसीटीएल_सिंकने सुरुवात आणि शेवट कळवायचा. ही सोय ४.६ पासून आहे. ताब्याचा तोच हिशोब, फक्त युजरस्पेसपर्यंत आलेला.

खरी डोकेदुखी वेळेची. जीपीयूचं काम अजून संपलेलं नाही, पण पडद्याच्या ड्रायव्हरला बफर आत्ताच सोपवायचा आहे. तिथे डीएमए-फेन्स येतो : "हे काम संपलं की कळवेन" असं वचन, बफरबरोबर फिरणारं. दिलेला फेन्स ठरावीक काळात पूर्ण झालाच पाहिजे, हा कडक नियम आहे. युजरस्पेसने मनात येईल तेव्हा पूर्ण करावा असा फेन्स चालत नाही. का, तर मेमरी कमी पडली की कर्नल पानं परत घेताना याच फेन्सची वाट बघू शकतो. फेन्स पूर्ण करणाऱ्या कोडनेच मेमरी मागितली, तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि मशीन गोठतं. फेन्सच्या वाटेवर साधा जीएफपी_कर्नल (मेमरी मिळेपर्यंत थांबू देणारा पर्याय) वापरून मेमरी मागायची नाही, ते यामुळेच.

@तळमजला, तुमच्या ड्रायव्हरला एक्स्पोर्टर व्हावं लागेल. मोठा सलग बफर हवा असेल तर सीएमए (मोठी सलग मेमरी देणारी कर्नलची सोय) बघा. जीपीयूला तुकडे चालत असतील तर साधी पानं आणि स्कॅटर-गॅदर यादी (विखुरलेल्या तुकड्यांची) पुरेल.

---

जुनाखोंड

अजून थोडी वर्षं थांबा. सगळं कोहेरंट होणार आहे. सीएक्सएल (प्रोसेसर आणि डिव्हाइस कोहेरंटपणे जोडणारी व्यवस्था) आलंय, जीपीयू आता प्रोसेसचेच पत्ते वापरतात. मग हा सगळा सिंक, मॅप आणि फेन्सचा संसार अडगळीत.

---

चित्रविचित्र

अर्धं मान्य. सीएक्सएलचं पहिलं स्पेसिफिकेशन २०१९ चं, त्यात डिव्हाइस प्रोसेसरची मेमरी कोहेरंटपणे कॅश करू शकतं आणि डिव्हाइसवरची मेमरी प्रोसेसरला साध्या लोड-स्टोअरने वापरता येते. शेअर्ड व्हर्च्युअल ॲड्रेसिंगमध्ये डिव्हाइसच्या व्यवहाराला २० बिटांचा पासआयडी (कोणत्या प्रोसेसचा व्यवहार ते सांगणारा क्रमांक) चिकटतो आणि आयओएमएमयू त्या प्रोसेसची कोष्टकं वापरतो, म्हणजे मालॉकने मिळालेला पॉइंटर थेट डिव्हाइसला. २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत एचएमएम आलं : जीपीयूने पानाला हात लावला की पान तिकडे हलतं, प्रोसेसरने लावला की फॉल्ट होऊन परत येतं. दोन्ही बाजू एकाच पानावर आलटून पालटून काम करू लागल्या की पान नुसतं हेलपाटे मारतं आणि वेग मातीत जातो. पॉइंटर एक झाला म्हणून अंतर मिटलं नाही.

आणि कोहेरन्समुळे शिळेपणा जातो, एवढंच. जीपीयू अर्धी फ्रेम लिहीत असताना तुम्ही वाचलीत तर अर्धी फ्रेमच मिळेल, अगदी ताजी अर्धी फ्रेम. फेन्स राहणारच.

---

पानोपानी

+१. शिवाय मॅप-अनमॅपमध्ये सुरक्षाही आहे. आयओएमएमयू असताना अनमॅप म्हणजे डिव्हाइसचा परवाना काढून घेणं. त्यातही दोन पळवाटा आहेत. परवाना पानाच्या मापाने मिळतो, सहसा ४ केबी. तुमचा ५०० बाइटचा बफर मॅप झाला की त्याच पानावरची बाकीची कर्नलची रहस्यंही डिव्हाइसला उघडी. आणि वेगासाठी आयओटीएलबी (आयओएमएमयूची पत्त्यांची कॅश) रिकामं करणं लांबणीवर टाकलेलं असेल (लेझी मोड), तर अनमॅपनंतरही थोडा वेळ जुना पत्ता चालतो. २०१९ मध्ये थंडरक्लॅप नावाच्या संशोधनाने बाहेरून जोडलेल्या डिव्हाइसकडून आयओएमएमयू चालू असतानाही काय काय वाचता येतं ते दाखवून दिलं. बाहेरून जोडायच्या, विश्वासात न घेतलेल्या डिव्हाइसांसाठी कर्नल आता कडक मोड वापरतो आणि पानभर न भरलेले बफर स्विओटीएलबीमधून नेतो.

---

तळमजला

आता आराखडा असा : रिंग कोहेरंट, बफर साधे आणि प्रत्येकी स्वतंत्र पानांवर, सुरुवातीला एकदा मॅप, मग दर फेरीला सिंकची जोडी, आणि ड्रायव्हर उतरवताना सगळं अनमॅप करून मोकळं. व्हर्ट_टू_फिज हद्दपार. डीएमए-बफ त्यानंतर. काही राहिलं का?

---

रिंगणात

उतरवण्याचा क्रम. आधी कार्डाला थांबायला सांगा, मग अनमॅप, मग मोकळं. थांबण्याचं रजिस्टर राइटएलने लिहिलंत तरी पीसीआयवर ते लिखाण वाटेत रेंगाळू शकतं, फंक्शन परतलं म्हणजे कार्डाला निरोप पोहोचला असं नाही. लगेच कार्डाचं स्टेटस रजिस्टर रीडएलने वाचा. ते उत्तर आलं म्हणजे निरोप पोहोचला. तरीही कार्ड "थांबलो" असा बिट देत असेल तर तो दिसेपर्यंत मुदत घालून वाट बघा. नाहीतर अनमॅप झालेला, दुसऱ्या कोणाला दिला गेलेला बफर तुमचं कार्ड आनंदाने भरत बसेल.

आणि कर्नल कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबगसह बनवून एकदा चालवा. मॅप एका लांबीने आणि अनमॅप दुसऱ्या लांबीने, दिशा चुकलेली, मॅपिंग_एरर न तपासलेला, असलं सगळं तो लॉगमध्ये ओरडून सांगतो. हे एक्स८६ वरही चालतं, त्यासाठी बोर्ड लागत नाही.